मतदान केंद्रावर सामान संपलं तर?

जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांचं मतदान झालं, तेव्हा दिवसभराची सगळ्यात गाजलेली बातमी कुठल्या उमेदवाराची नव्हती, बोटाच्या शाईची होती. बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर पेन वापरलं गेलं आणि ते पुसलं जातं असं दाखवणारे व्हिडिओ दुपारपर्यंत घरोघरच्या मोबाइलवर पोचले. मार्कर 2011 पासून वापरात आहे, असं राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं. त्या वादात बरोबर कोण, हे इथे ठरवायचं नाही. पण त्या दिवशी पुष्कळांच्या डोक्यात वेगळेच प्रश्न आले. ही शाई येते कुठून? किती येते? संपली तर? मशीन बंद पडलं तर दुसरं कुठून आणतात? आणि जे उरतं, ते कुठे जातं?

यातला शेवटचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी एक खुलासा. महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे असतात. दोन्ही संस्था वेगळ्या, नियम थोडे वेगळे. खाली जे सांगितलं आहे ते मुख्यतः दुसऱ्या आयोगाच्या पद्धतीबद्दल.

## सगळं यादीवरून ठरतं

लग्नाच्या पंगतीचा आचारी अंदाजावर चालतो. हजार पत्रिका गेल्या असतील तर सातशे पानं उठतील, असं धरून तो तांदूळ काढतो. निवडणुकीत हा अंदाज चालत नाही. यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस जेवायला येणार असं धरूनच तयारी करायची. वर उरलेलं अन्न वाटून टाकायची सोय नाही, शीत न् शीत मोजून परत करायचं.

म्हणून हिशेब सुरू होतो तो मतदार यादीपासून. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे 9.7 कोटी मतदार आणि 1,00,186 मतदान केंद्रं होती. म्हणजे एका केंद्राला सरासरी हजाराच्या आत-बाहेर मतदार. शहरात जास्त, वाड्या-पाड्यांवर कमी. एका केंद्रावर जास्तीत जास्त 1500 नावं असा दंडक होता, 2025 मध्ये आयोगाने तो 1200 वर आणला.

ही वरची मर्यादा सामानाशी जोडलेली आहे. व्हीव्हीपॅट म्हणजे तुम्ही कुणाला मत दिलं त्याची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दाखवणारं यंत्र. त्यात कागदाचा जो रोल असतो त्यावर साधारण 1500 चिठ्ठ्या निघतात. त्यातल्या काही चाचणीतच खर्च होतात. हा रोल केंद्रावर बदलायला परवानगी नाही, कारण बदलायचा तर सीलबंद यंत्र उघडावं लागेल. कागद संपत आला तर आख्खं व्हीव्हीपॅटच बदलायचं. शाईचंही तसंच. दहा मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण 700 बोटं रंगतात, आणि प्रत्येक केंद्राला दोन बाटल्या मिळतात. थोडक्यात, केंद्र केवढं असावं हे नुसत्या लोकवस्तीवर ठरत नाही, रोलची लांबी आणि बाटलीचं माप यांचाही त्यात हात असतो.

शाई येते म्हैसूरहून. म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश ही कर्नाटक सरकारची कंपनी 1962 च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई करते. 2024 च्या लोकसभेसाठी तिथून 26 लाखांहून जास्त बाटल्या गेल्या. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते उजेडात कातडीवर काळं पडतं आणि नख वाढून पुढे सरकेपर्यंत डाग राहतो.

## पिशवीत काय असतं?

मतदानाच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मोठा मांडव असतो. त्याला साहित्य वाटप केंद्र म्हणतात. मतदान पथकांत बहुतेक शिक्षक, थोडे ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले लोक. प्रत्येक पथकाला एक थैली आणि मशीनच्या पेट्या मिळतात. मांडवातच सतरंजीवर बसून यादीशी एकेक वस्तू ताडून बघायची, कमी असेल ती तिथेच मागून घ्यायची. मग एसटी भरते आणि पथकं निघतात. रात्र केंद्रावरच, शाळेच्या वर्गात.

पेट्यांमध्ये तीन यंत्रं. कंट्रोल युनिट केंद्रातल्या अधिकाऱ्यापुढे असतं आणि मतं साठवतं. बॅलट युनिट म्हणजे पडद्याआडचं, बटणांचं. आणि तिसरं व्हीव्हीपॅट. तिन्ही बॅटरीवर चालतात, त्यामुळे गावात वीज गेली म्हणून मतदान थांबत नाही. खोलीत अंधार झाला तर मात्र पंचाईत होते. थैलीत चार मेणबत्त्या आणि काडेपेटी असते ती लाख वितळवायला, पण तिचा दुसरा उपयोग कुठल्याही शिक्षकाला सांगावा लागत नाही.

थैलीची यादी वाचण्यासारखी आहे. लाखेच्या सहा कांड्या. वीस मीटर दोरा. एक ब्लेड. निळी पेनं तीन, लाल एक. कार्बन पेपर, डिंक, टाचण्या, रबरबँड, सेलोटेप, धातूची पट्टी. मतदान कक्ष उभा करायचं सामान. बोटाचं तेल पुसायला फडकं, कारण तेलकट बोटावर शाई धरत नाही. या छोट्या गोष्टी लाखाने गुणल्या की आकडे फुगतात. एका केंद्राला वीस मीटर म्हणजे राज्याला दोन हजार किलोमीटर दोरा. मुंबईहून दिल्ली गाठूनही उरेल.

मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे एक साधा कप. शाईची बाटली टेबलावर नुसती ठेवली तर गर्दीत कुणाचा तरी हात लागून लवंडते, आणि केंद्राची निम्मी शाई टेबलाने पिऊन टाकलेली असते. म्हणून सूचना अशी की कपात किंवा रिकाम्या डब्यात वाळू नाहीतर मोकळी माती भरा आणि बाटली तिच्या पाऊण उंचीपर्यंत त्यात रोवा. कप थैलीत मिळतो, वाळू शाळेच्या अंगणातली. पुरवठा म्हणजे नुसतं सामान पोचवणं नाही, पोचलेलं दिवसभर टिकवणंही आहे, हे या कपाइतकं चांगलं कुणी सांगत नाही.

यंत्रं असूनही थोड्या कागदी मतपत्रिका पिशवीत असतातच. तुम्ही केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलं असेल, तर तुमची ओळख पटवून तुम्हाला कागदावर मत देता येतं. याला प्रदत्त मत म्हणतात. त्यासाठी दर केंद्राला वीस मतपत्रिका. याहून जास्त लागल्या तर केंद्राध्यक्षाने क्षेत्रीय अधिकाऱ्यामार्फत लगेच मागवायच्या. केंद्राध्यक्ष म्हणजे त्या खोलीतला सर्वोच्च अधिकारी, आणि क्षेत्रीय अधिकारी म्हणजे दहा-बारा केंद्रांवर गाडीने फिरता राहणारा.

## कमी पडलं तर ओरड, उरलं तर संशय

कुठल्याही धंद्यात माल कमी पडण्याची भीती असेल तर उपाय सोपा असतो, दुप्पट पाठवा. इथे तो उपाय चालत नाही. वीसऐवजी दोनशे प्रदत्त मतपत्रिका पाठवल्या तर संध्याकाळी उरलेल्या मतपत्रिका कुठे आहेत हा प्रश्न येणार. दहापट सीलं पाठवली तर खोटं सील लावायची सोय झाली. म्हणून ज्या वस्तूने मत घालता, बदलता किंवा लपवता येईल, तिच्यावर क्रमांक असतो आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. दोरा, डिंक, पेनं यांचं कुणी फार मनावर घेत नाही.

मशीनला लावायच्या हिरव्या कागदी सीलवर छापील क्रमांक असतो. तो केंद्राध्यक्ष लिहून ठेवतो आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतो. वापरलेली किती, फाटलेली किती, परत दिलेली किती, याचा मेळ बसला पाहिजे. मतदान संपल्यावर नमुना 17 सी भरतात. हा कागद म्हणजे केंद्राचा ताळेबंद. यादीत किती नावं, नोंदवहीत किती जणांनी सह्या केल्या, मशीनमध्ये किती मतं, हे सगळं त्यात येतं.

चाचणीच्या मतांचाही हिशेब आहे. खरं मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप मतदान होतं. त्याच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांवर मागे शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सील करतात आणि मशीन पुसून शून्यावर आणतात. पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेत हे करायचं असतं. घाईत मशीन पुसायचं राहून गेलं तर संध्याकाळी नोंदवही आणि मशीन यांचे आकडे जुळत नाहीत. सामान पुरेसं असूनही गोंधळ होतो तो असा.

## उमेदवार वाढले की गणित फिरतं

मतदार किती हे काही महिने आधी कळतं. उमेदवार किती हे मात्र अर्ज माघारी घेण्याची मुदत संपेपर्यंत नक्की होत नाही, आणि मधे जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. पुरवठ्यातली खरी दमछाक इथे होते.

ही अडचण पहिल्या निवडणुकीपासूनची आहे. 1951-52 मध्ये मतपत्रिकेवर खूण करायची नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. म्हणजे उमेदवार जितके, तितक्या पेट्या प्रत्येक केंद्रावर. एकट्या गोदरेजने विक्रोळीच्या कारखान्यात 12 लाखांहून जास्त पोलादी पेट्या केल्या. रुपयाच्या नोटेएवढ्या मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. देशाच्या पहिल्या मतदानाचं सामान बऱ्यापैकी आपल्याकडून गेलं होतं, हे आपल्यालाच फारसं ठाऊक नसतं.

नंतर एकाच पेटीची पद्धत आली, तेव्हा उमेदवारांची संख्या कागदाच्या लांबीवर येऊन बसली. 1996 मध्ये तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला 1033 उमेदवार उभे राहिले. मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली आणि मतदान पुढे ढकलावं लागलं. त्याच वर्षी लोकसभेला बेळगावात 456 उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायचं म्हणून मराठी भाषकांनी घाऊक अर्ज भरले होते. निषेधाचं हत्यार म्हणून ते जबरदस्त होतं, कारण भाषण न करता, रस्ता न अडवता सरकारी छापखान्यालाच घाम फोडता येत होता. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत 500 रुपयांवरून 10,000 वर गेली. आज ती 25,000 आहे.

ईव्हीएममध्ये हीच अडचण बटणांच्या रूपात येते. एका बॅलट युनिटवर 16 बटणं, त्यातलं एक ‘नोटा’चं, म्हणजे वरीलपैकी कुणीही नको असं सांगण्याचं. म्हणजे 15 उमेदवारांपर्यंत एक युनिट पुरतं, सोळावा आला की दुसरं. जुन्या पिढीच्या मशीनला अशी चारच युनिटं जोडता येत, नव्या मशीनला 24, म्हणजे नोटा धरून 384 नावं. 2019 ला तेलंगणात निजामाबादमध्ये हळद आणि ज्वारीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले, उमेदवार झाले 185. प्रत्येक केंद्रावर बारा-बारा बॅलट युनिटं मांडावी लागली. इतकी बसवायला साधं टेबल पुरत नाही. ती पोचवायला गाड्या वाढल्या, तपासायला इंजिनिअर वाढले. तरी मतदान ठरल्या दिवशी, 11 एप्रिलला झालं.

आपल्याकडे 2024 च्या लोकसभेआधी मराठा आंदोलनात गावोगावचे उमेदवार उभे करण्याची भाषा झाली, तेव्हा धाराशिवच्या जिल्हा प्रशासनाने वरून मार्गदर्शन मागवलं होतं. 384 च्या पुढे गेलं तर मशीनचा उपयोग नाही, मतपत्रिका छापाव्या लागणार, पेट्या शोधाव्या लागणार, हे त्यामागचं कारण. तसं काही झालं नाही. बीडला 41 उमेदवार राहिले, तीन युनिटांत काम भागलं.

## मशीन बंद पडलं तर?

नियम वाटतो तितका गुंतागुंतीचा नाही. अभिरूप मतदानातच बिघाड दिसला तर बिघडलेला भागच बदलायचा. खरं मतदान सुरू झाल्यावर कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर तिन्ही यंत्रांचा संच बदलायचा. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच. आधी पडलेली मतं जुन्या कंट्रोल युनिटमध्ये सुरक्षित राहतात आणि मोजणीला दोन्ही युनिटं जातात.

बदलायला यंत्रं हवीत म्हणून मतदारसंघाला केंद्रांच्या संख्येपेक्षा पाचवा हिस्सा तरी जास्त मशीन दिली जातात, व्हीव्हीपॅट त्याहून जास्त. कागद, छपाई आणि सेन्सर असलेलं यंत्र लवकर बिघडतं हे सरळ आहे.

पण आकड्यांत पुरेसं असणं आणि वेळेवर हाताशी असणं यात फरक आहे. 28 मे 2018 ला भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली. विदर्भातला मे महिना. त्या दिवशी तिथली जवळजवळ पाचवा हिस्सा व्हीव्हीपॅट बदलावी लागली. काही केंद्रांवर मतदार उन्हात ताटकळले, कंटाळून परत गेले. शेवटी 30 मे रोजी 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. तपासात निघालेली कारणं साधी होती. छपाई ओळखणाऱ्या सेन्सरवर जास्त उजेड पडत होता, आणि कागद हवेतला ओलावा धरत होता. पुढे सेन्सरवर झाकण आलं, कागद बदलला. मशीन खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवू नका ही सूचना तेव्हापासून प्रशिक्षणात कानीकपाळी ओरडून सांगितली जाते.

राखीव साठा ठरवताना थोडीच यंत्रं बिघडतील असं धरलेलं असतं, आणि ती बिघडणारी यंत्रं इकडेतिकडे विखुरलेली असतील असंही. एकाच कारणाने एकाच सकाळी शेकडो यंत्रं अडली तर हा हिशेब कोसळतो, कारण क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या गाडीत यंत्रं मोजकीच असतात आणि गाडी एका वेळी एकाच केंद्रावर पोचते.

## “गाडीत मशीन सापडली” म्हणजे घोळ ना?

दर निवडणुकीत हा व्हिडिओ येतो. रात्रीची वेळ, सरकारी गाडी, आत ईव्हीएमच्या पेट्या, बाहेर कार्यकर्ते.

या पेट्या बहुतेक वेळा राखीव असतात. वर म्हटल्याप्रमाणे त्या फिरत्या नसत्या तर बिघाड झाल्यावर तासभरात दुसरं मशीन मिळालंच नसतं. मतदान संपल्यावर यंत्रांचे चार गट करतात. मतं असलेली, मतं असताना बिघडलेली, मतं नसताना बिघडलेली आणि न वापरलेली राखीव. पहिले दोन गट सीलबंद स्ट्राँगरूममध्ये जातात, दुसरे दोन वेगळ्या जागी. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणूनच वाटा वेगळ्या.

तरीही संशय घेणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो सोडवायची जागा रस्ता नाही. प्रत्येक यंत्राला अनुक्रमांक असतो. कुठलं यंत्र कुठल्या मतदारसंघाला, हे संगणकाने सोडत काढून ठरतं, मग कुठलं कुठल्या केंद्राला, यासाठी दुसरी सोडत. सरकारी मराठीत या सोडतीला सरमिसळच म्हणतात. त्या याद्या उमेदवारांना दिलेल्या असतात, राखीव यंत्रांच्याही. गाडीतल्या पेटीचा क्रमांक यादीशी ताडून बघितला की पाच मिनिटांत निकाल लागतो. अडचण एवढीच की त्या वेळी यादी कार्यकर्त्याच्या हातात नसते, उमेदवाराच्या कार्यालयात फाइलमध्ये असते. आणि काही ठिकाणी राखीव यंत्रं हलवताना उमेदवारांना कळवण्यात अधिकारी हलगर्जी करतात, तेव्हा संशयाला त्यांनीच खतपाणी घातलेलं असतं.

## शेवटचा टप्पा

राज्याच्या मतदान केंद्रांची यादी सुरू होते नंदुरबारमधल्या अक्कलकुवा मतदारसंघापासून, आणि तिथलं पहिलं केंद्र म्हणजे नर्मदेकाठचं मणिबेली. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे तिथे बोटीने जावं लागतं. गडचिरोलीत आतल्या भागातली पथकं हेलिकॉप्टरने मतदानाच्या आधीच पाठवतात. अशा ठिकाणी “काही राहिलं तर मागवून घेऊ” ही सोय नाही, त्यामुळे राखीव यंत्रही पथकासोबतच द्यावं लागतं. अरुणाचलातल्या मालोगामला 2024 मध्ये एका मतदारासाठी पथक डोंगर चढून गेलं. तिथेही शाई, सीलं, यंत्रं, नमुने सगळं गेलं. एकच माणूस आहे म्हणून मेणबत्त्या कमी केल्या नाहीत.

## सामान भरपूर, मग रांगा का?

कारण ज्या वस्तूचा तुटवडा सगळ्यात जास्त भासतो ती पिशवीत नसते. ती म्हणजे वेळ.

हिशेब करून बघा. जुन्या 1500 च्या मर्यादेतल्या एका केंद्रावर 1400 नावं, मतदान 65 टक्के, म्हणजे 910 माणसं. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, 660 मिनिटं. एका मतदाराच्या वाट्याला 43-44 सेकंद येतात, आणि तेही माणसं दिवसभर एकसारखी येत राहिली तर. प्रत्यक्षात सकाळी नऊपर्यंत गर्दी, भर दुपारी ओस, चारनंतर पुन्हा झुंबड. त्या 43-44 सेकंदांतली सात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी खाते. खोलीत तीन टेबलं असतात. पहिल्यावर यादीत नाव शोधतात, दुसऱ्यावर शाई लावून, नोंदवहीत सही घेऊन मतदाराला एक चिठ्ठी देतात, तिसऱ्यावर ती चिठ्ठी घेऊन मशीन चालू करून देतात. तिन्ही कामं एकाच वेळी चालतात, पण रांग सगळ्यात हळू टेबलाच्या वेगाने सरकते. ते बहुधा दुसरं असतं, कारण सही करायला, ओळखपत्राचा तपशील लिहायला वेळ लागतो. मशीन वाढवून हे टेबल वेगाने चालत नाही. त्याला केंद्रंच वाढवावी लागतात. 1500 चे 1200 केले ते यासाठीच.

महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असेल तर एकाच मतदाराला चार मतं द्यायची असतात. नोव्हेंबर 2024 मध्ये नांदेडला विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी होती, तिथे यंत्रांचे दोन संच मांडावे लागले. अशा ठिकाणी प्रत्येक माणसामागे लागणारा वेळ वाढतो हे वेगळं सांगायला नको.

वेळ संपली तरी रांगेतल्याचं मत जात नाही. मुदत संपताक्षणी केंद्राध्यक्ष रांगेतल्या सगळ्यांना आपल्या सहीच्या चिठ्ठ्या देतो, आणि सुरुवात शेपटापासून करतो, म्हणजे मागून नवा माणूस घुसत नाही. चिठ्ठी मिळालेले सगळे मत देईपर्यंत केंद्र चालू. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच वाजताची टक्केवारी आणि अंतिम टक्केवारी यांत जो फरक दिसला आणि जो वाद झाला, त्यात पाच ते सहाचा शेवटचा तास आणि या चिठ्ठ्यांची रांग, दोन्ही गोष्टी धराव्या लागतात. फरक किती योग्य हे तपासायचं तर केंद्रवार 17 सी बघावं लागतं, टीव्हीवरची टक्केवारी नाही.

## कागदी मतपत्रिका असत्या तर हे सगळं सोपं झालं नसतं का?

बिघाडाचा प्रश्न सुटला असता हे खरं. पण कागदही संपतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या हाइंड्स काउंटीत 7 नोव्हेंबर 2023 ला गव्हर्नरची निवडणूक होती. काही केंद्रांवर दिवसाच्या मध्यातच मतपत्रिका संपल्या. लोक तास न् तास थांबले, काही निघून गेले, न्यायालयाला मतदानाची वेळ वाढवावी लागली. त्याआधी 2022 मध्ये टेक्सासच्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनच्या परिसरात, वीसेक केंद्रांवर कागद कमी पडला आणि त्यावरून हरलेल्या उमेदवारांचे खटले पुढे वर्षभराहून जास्त चालले.

श्रीमंत देशात असं व्हावं याचं आपल्याला नवल वाटतं. कारण दोन. एक, तिथे सगळ्या मतदारांपुरत्या मतपत्रिका छापण्याचं बंधन सगळीकडे नाही. मिसिसिपीत तेव्हा सक्रिय मतदारांच्या किमान 60 टक्के छापाव्यात असा नियम होता. म्हणजे वरच्या आचाऱ्याचीच पद्धत. दोन, तिथे एकाच कागदावर राज्यापासून स्थानिक पदांपर्यंत अनेक निवडणुका असतात, त्यामुळे शेजारच्या दोन गल्ल्यांची मतपत्रिका वेगळी असू शकते. एका नमुन्याची थप्पी पडून आहे आणि दुसऱ्या नमुन्याची संपली, असं तिथे सहज होतं.

आपल्याकडे कागदाच्या काळात यादीप्रमाणे मतपत्रिका छापत. प्रत्येकीवर अनुक्रमांक, मतदाराला देण्याआधी मागे केंद्राध्यक्षाची सही. उद्या पुन्हा कागदावर जायचं ठरलं तर तुटवड्याची भीती फार नसेल. पण राज्यात जवळपास दहा कोटी कागद छापून, मोजून, वाटून, आणि मतदान 66 टक्के झालं तर उरलेले तीन कोटींहून जास्त कोरे कागद पहाऱ्यात परत आणावे लागतील. बिघाडाची काळजी जाऊन उरलेल्या कागदांची काळजी येईल.

## केंद्रावर काही कमी आढळलं तर

मशीन बंद आहे, थोड्या वेळाने या, असं सांगितलं गेलं तरी रांग सोडू नका. मुदत संपताना तुम्ही रांगेत असणं महत्त्वाचं, मग चिठ्ठी मिळतेच. शाई, नोंदवही, मतदान कक्ष यांत काही खटकलं तर आधी केंद्राध्यक्षाला सांगायचं, मग क्षेत्रीय अधिकारी, मग निवडणूक निर्णय अधिकारी. 1950 हा मतदार मदत क्रमांक आहे. तुमच्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन गेलं असेल तर आरडाओरडा करण्याऐवजी “प्रदत्त मत द्यायचंय” हे तीन शब्द वापरा. नमुना 17 बी वर सही करून मतपत्रिका मिळते, नाही म्हणता येत नाही.

आणि तुम्ही एखाद्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून खोलीत बसणार असाल तर सकाळी तीन यंत्रांचे आणि सीलांचे क्रमांक वहीत उतरवून घ्या, मशीन मधेच बदललं तर नव्याचेही. संध्याकाळी 17 सी ची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला ती देणं केंद्राध्यक्षावर बंधनकारक आहे, पोच घेऊन तो ती देतो. पण पाचच्या चहानंतर घरी गेलेल्याला ती कुणी आणून देत नाही.